जुन्या गाण्यांचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार करावयाचा ठरला म्हणजे महाजनांच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो. जुने किती ठेवावे आणि नवे किती आणावे? कोणी म्हणतो, खांबाला हात लावू नका. कोणी म्हणतो, देव तोच आहे, मग खांबांचे एवढे काय? गोमंतकीयांना हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. सोळाव्या शतकातील धर्मच्छळाच्या काळात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास गेली, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास गेली. मूळ देवळे पडली, परमुलखात नवी उभी राहिली, त्यांची घडणही पुढे पालटत गेली. तरीही कुळाव्यांनी हा आमचा जुना देव नव्हे असे कधी म्हटले नाही. स्थळ गेले, वास्तू गेली, पण ओळख टिकली.

आम्ही वकिली करणारे. त्यामुळे अशा प्रसंगी आम्हांस एक जुना खटला आठवतो. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदैवताची मूर्ती पूजेच्या पाळीच्या निमित्ताने एका घरातून दुसऱ्या घरी न्यावी की नाही, यावरून वाद झाला आणि तो थेट विलायतेत प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९२५ साली त्या न्यायासनाने सांगितले की, देवता ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे, ती नुसती चलवस्तू नव्हे. आणि तिच्या स्थानाविषयी तिच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे. ती इच्छा न्यायालयापुढे मांडण्यासाठी जिचा स्वार्थ गुंतलेला नाही अशी व्यक्ती नेमावी, असाही मार्ग त्या निर्णयाने दाखविला.

हे सर्व आज सांगण्याचे कारण असे की, हाच प्रश्न आम्हांस अगदी निराळ्या आणि पुष्कळ वाचकांस अनपेक्षित वाटेल अशा क्षेत्रात भेटला. ते क्षेत्र म्हणजे पाश्चात्त्यांचे रॉक संगीत. स्वतःचीच जुनी गाणी सिंफनी वाद्यवृंदाच्या साथीने पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याची एक चाल त्या मंडळींत गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ चालत आली आहे. रॉक हा शब्द ऐकताच काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. परंतु गाणे कोणाचेही असो, ते जुने झाल्यावर त्याचे काय करावे ही चिंता सर्वांची सारखीच आहे. म्हणून या इतिहासाकडे थोडे शांतपणे पाहावे, अशी आमची विनंती आहे.

प्रथम या संगीताची जात समजून घेतली पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या गायनपरंपरेतून आणि तेथील ग्रामीण गाण्यांतून विसाव्या शतकाच्या मध्यास हा प्रकार उदयास आला आणि इंग्लंडातील तरुणांनी तो उचलून जगभर नेला. चार-पाच जणांची मंडळी, विजेवर वाजणारी गिटार, खर्जाची गिटार, ढोलांचा संच, क्वचित ऑर्गन. एवढ्या सामग्रीवर हे संगीत उभे राहते. वादकांपैकी पुष्कळांना स्वरलिपी वाचता येत नाही. आपल्याकडील भजनी मंडळाप्रमाणे ते एकमेकांचे ऐकून, एकमेकांकडे पाहून वाजवितात. उलट सिंफनी वाद्यवृंदात सत्तर ते शंभर वादक असतात, प्रत्येकापुढे लिहिलेला कागद असतो, आणि निर्देशकाच्या छडीवाचून ते एक स्वर काढीत नाहीत. एक परंपरा मुखोद्गत, दुसरी ग्रंथस्थ. या दोहोंचा संयोग घडवून आणणे म्हणजे केवळ एका तबकडीवर दोन आवाज आणणे नव्हे.

१९६७ साली मूडी ब्लूज या इंग्लिश मंडळींनी 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' ही ध्वनिमुद्रिका काढली. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या एका दिवसाचे प्रहर त्यांनी गाण्यांत गुंफले होते. काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत दिवस स्वरांत बांधणाऱ्या आपल्या वाचकांस ही कल्पना परकी वाटू नये. त्या गाण्यांच्या मध्ये पीटर नाइट यांनी रचलेले वाद्यवृंदाचे भाग येतात. मात्र बहुतेक ठिकाणी मंडळी थांबली की वाद्यवृंद सुरू होतो आणि वाद्यवृंद थांबला की मंडळी गातात. दोन शेजारी एका भिंतीच्या दोन बाजूंस राहावेत, तसा हा संसार होता.

भिंत पाडण्याचा मोठा प्रयत्न २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. डीप पर्पल या मंडळींतील ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांनी रॉक मंडळी आणि वाद्यवृंद यांच्यासाठी तीन भागांचा एक कन्चेर्तो रचला. रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद साथीस होता आणि छडी होती माल्कम अर्नोल्ड यांच्या हाती. अर्नोल्ड स्वतः नामवंत रचनाकार. त्यांची सहावी सिंफनीही त्याच संध्याकाळी वाजविली गेली. सरावाच्या वेळी वाद्यवृंदातील काही मंडळींची नाके मुरडलेली होती आणि अर्नोल्ड यांना त्यांस खडसावावे लागले, ही हकीकत पुढे लॉर्ड यांनीच सांगितली आहे. पुढच्याच वर्षी, १५ मे १९७० रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे फ्रँक झॅपा यांच्या रॉक मंडळींबरोबर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक वाद्यवृंद वाजला. त्याचे निर्देशक होते मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. ज्या मेहली मेहतांनी १९३५ साली मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला, त्यांचे हे चिरंजीव.

पण हे दोन्ही प्रयोग नव्या रचनांचे होते. जुन्याच गाण्याला नवे देऊळ बांधून देण्याचा जो प्रयोग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो, तो कॅनडातील एडमंटन या शहरी झाला.

प्रोकोल हॅरम ही इंग्लिश मंडळी. गॅरी ब्रूकर हे गायक, पियानोवादक आणि चालींचे कर्ते. कीथ रीड हे कवी. रीड कोणतेच वाद्य वाजवीत नसत, तरी ते मंडळींचे पूर्ण सदस्य मानले जात. १९६७ साली त्यांचे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गाणे इंग्लंडात सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याच वर्षीच्या त्यांच्या पहिल्या संग्रहात 'कॉन्किस्टाडोर' नावाचे दुसरे एक गाणे होते. कॉन्किस्टाडोर म्हणजे समुद्र ओलांडून परमुलूख जिंकावयास निघालेला स्पॅनिश शिपाईगडी. १५१० सालानंतरचा इतिहास ज्यांच्या घराण्यांनी सोसला, त्या गोमंतकीय वाचकांस हा शब्द फोड करून सांगण्याची गरज नाही. विशेष हे की, या गाण्यात जेत्याचे गुणगान नाही; त्याच्या गंजल्या वैभवाकडे कवी करुणेने, थोड्या उपहासानेही पाहतो. पण १९६७ साली ते फारसे कोणाच्या कानांत भरले नाही.

चार वर्षांनी, १८ नोव्हेंबर १९७१ रोजी, एडमंटनच्या ज्युबिली सभागृहात तेथील सिंफनी वाद्यवृंद आणि दा कामेरा हे गायकवृंद यांच्यासह या मंडळींची मैफल झाली. लॉरेन्स लेनर्ड हे निर्देशक होते. ही मैफल ध्वनिमुद्रित करण्यात आली. 'कॉन्किस्टाडोर'ची वाद्यवृंदासाठीची मांडणी ब्रूकर यांनी ऐन वेळी केली होती. मूळ गाण्यात जेथे ऑर्गन होता, तेथे आता तुतारीच्या जातीच्या ट्रंपेटचा स्पॅनिश वळणाचा आलाप आला; व्हायोलिनांच्या झपाट्याने घोडदळ धावत यावे असा भास झाला. शब्द तेच, चाल तीच, गाणारा तोच. परंतु जे गाणे एका खोलीत घडत होते ते रणमैदानावर आले. १९७२ साली ही ध्वनिमुद्रिका निघाली. अमेरिकेच्या यादीत ती पाचव्या स्थानापर्यंत आणि 'कॉन्किस्टाडोर' हे गाणे सोळाव्या स्थानापर्यंत चढले. पहिल्या जन्मी जे लाभले नाही ते गाण्याला दुसऱ्या जन्मी लाभले.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. त्या मैफलीच्या तबकडीत 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' नाही. सर्वांत लोकप्रिय गाणे बाजूस ठेवून त्यांनी 'अ सॉल्टी डॉग', 'व्हेलिंग स्टोरीज' यांसारखी, ज्यांच्या अंगात समुद्राचा विस्तार आहे, अशी गाणी घेतली. १९६८ सालची सतरा-अठरा मिनिटांची एक दीर्घ रचनाही त्यांत आहे. तिच्या प्रारंभी जीवनाचा अर्थ विचारावयास दलाई लामांकडे गेलेल्या एका यात्रेकरूची कथा येते. जीर्णोद्धार कोणत्या वास्तूचा करावा आणि कोणती वास्तू आहे तशी राहू द्यावी, हा विवेक त्या निवडीत आम्हांस दिसतो. प्रत्येक गाण्याला शंभर वादक मानवत नाहीत. काही गाणी समईच्या उजेडातच शोभतात. त्यांवर झुंबरे लावली तर ती उघडी पडतात.

हा विवेक का लागतो, याची कारणे रुचीपुरती मर्यादित नाहीत. ती कारागिरीचीही आहेत. रॉक मंडळी ढोलाच्या ठोक्यावर नेमकी पाय ठेवून चालतात. वाद्यवृंद छडी पाहून वाजतो आणि छडीच्या आघातानंतर किंचित मागाहून स्वर काढण्याची त्याला सवय असते. दोघे जवळजवळ बसले तर ताल फाटतो. विजेच्या गिटारीचा आवाज ध्वनिवर्धकातून येतो, व्हायोलिनचा लाकडातून. म्हणून ढोलांभोवती आडोसे उभारावे लागतात आणि व्हायोलिनांपाशी ध्वनिग्राहक लावावे लागतात. गिटारीच्या मोकळ्या तारांना जे सूर सोयीचे, ते पितळी सुषिरवाद्यांना अनेकदा गैरसोयीचे असतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे कागद. मंडळींच्या डोक्यात असलेले गाणे शंभर जणांना वाजवावयाचे तर कोणी तरी ते स्वरन्‌स्वर लिहून काढले पाहिजे.

कागद हरवला तर काय होते, हेही याच इतिहासाने दाखविले आहे. जॉन लॉर्ड यांचा कन्चेर्तो १९७० च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल येथे पुन्हा वाजला आणि त्यानंतर त्याची हस्तलिखित स्वरलिपी गहाळ झाली. ध्वनिमुद्रिका घरोघरी होती, रचनाकार हयात होता. तरी रचना वाजविता येत नव्हती. जवळजवळ तीस वर्षे ती अशीच मुकी राहिली. अखेर मार्को द खूय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण पुनःपुन्हा ऐकून आणि मैफलीचे चित्रण पाहून एकेका वाद्याचा भाग पुन्हा लिहून काढण्याचे काम हाती घेतले. लॉर्ड आणि निर्देशक पॉल मान यांनी त्यात भर घातली. २५ व २६ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिंफनी वाद्यवृंदाने ती रचना पुन्हा वाजविली. जॉन लॉर्ड २०१२ साली निवर्तले. पण कागद आता मागे आहे.

त्याच १९९९ सालच्या एप्रिलात, २१ व २२ तारखेस, कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मेटॅलिका या मंडळींनी सॅन फ्रान्सिस्को सिंफनी वाद्यवृंदासह आपली जुनी गाणी वाजविली. रॉक संगीताची जी अत्यंत कठोर, कर्कश म्हणून ओळखली जाणारी शाखा, तिचे हे अध्वर्यू. मांडणी आणि निर्देशन मायकेल कामेन यांचे होते. त्यांनी गिटारीचेच स्वर व्हायोलिनांकडून दुप्पट करून घेण्याचा सोपा मार्ग पुष्कळ ठिकाणी टाळला. गाण्याशी संवाद करणारी, कधी त्याला उत्तर देणारी, कधी त्याच्याशी भांडणारी निराळी स्वररेषा लिहिली. ऐकणाऱ्यांत मतभेद झाले. काहींना हा नुसता भपका वाटला, काहींना जुन्या गाण्यांचा दडलेला चेहरा प्रथमच दिसला. १९८४ सालच्या त्यांच्या एका केवळ वाद्यांच्या रचनेच्या या नव्या रूपास २००१ साली ग्रॅमी पारितोषिक लाभले. कामेन २००३ साली वारले.

वीस वर्षांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को येथे तोच वाद्यवृंद आणि तीच मंडळी पुन्हा एकत्र आली. त्या मैफलीतील एक प्रसंग आम्हांस विशेष हृद्य वाटतो. मेटॅलिकाचे खर्ज गिटारीचे वादक क्लिफ बर्टन १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात अवघ्या चोविसाव्या वर्षी मृत्यू पावले होते. १९८३ सालच्या पहिल्या संग्रहात त्यांचे एकल वादन होते. ते वादन या मैफलीत वाद्यवृंदातील खर्ज व्हायोलिनचे प्रमुख वादक स्कॉट पिंगेल यांनी एकट्याने सादर केले. ग्रंथस्थ परंपरेतील एका विद्वानाने मुखोद्गत परंपरेतील एका दिवंगत तरुणाचे गाणे मन लावून शिकावे आणि त्याच्या सोबत्यांसमोर ते वाजवावे, हे एक प्रकारचे तर्पणच म्हणावे लागेल. १९६९ साली नाके मुरडणारे वादक कोठे आणि हे कोठे! २०२३ साली डेफ लेपर्ड या इंग्लिश मंडळींनी आपली जुनी गाणी वाद्यवृंदासह नव्याने काढली, तेव्हा साथीस होता तोच रॉयल फिलहार्मोनिक.

आता कायद्याकडे वळू. कारण जीर्णोद्धार म्हटला की हक्कांचा तंटा आलाच. गाण्याच्या बाबतीत कायदा दोन वस्तू वेगळ्या मानतो. एक, गाण्याची रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी, त्या रचनेचे एखादे ध्वनिमुद्रण. रचना म्हणजे जणू देव आणि ध्वनिमुद्रण म्हणजे देऊळ. जुन्या ध्वनिमुद्रणाचा मालक बहुधा ध्वनिमुद्रिकेची कंपनी असते. म्हणून कर्त्यांनी पुन्हा गाऊन नवे ध्वनिमुद्रण केले की नवे देऊळ उभे राहते आणि जुन्यावरील कंपनीचा हक्कही कायम राहतो. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही हा भेद आहे. आणि संगीतरचनेची नवी मांडणी करणे हे त्या कायद्याने रूपांतर म्हणून गणले आहे, ज्याला मूळ हक्कदाराची अनुमती लागते.

पण रचना कोणाची, हेच ठरलेले नसेल तर? प्रोकोल हॅरमच्या त्या विख्यात गाण्यात ऑर्गनची एक धून आहे. बाखच्या वळणाची, पण स्वतंत्र. गाणे ओळखू येते ते तिच्यामुळे. ती वाजविली मॅथ्यू फिशर यांनी. गाण्याचे कर्ते म्हणून मात्र ब्रूकर आणि रीड या दोघांचीच नावे लागली. फिशर १९६९ साली मंडळी सोडून गेले. २००५ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी, त्यांनी लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. डिसेंबर २००६ मध्ये न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी फिशर हे सहकर्ते आहेत असे ठरवून संगीताच्या हक्कात त्यांस शेकडा ४० हिस्सा दिला. मात्र दाव्यापूर्वीच्या वर्षांचे उत्पन्न दिले नाही. २००८ साली अपील कोर्टाने कर्तृत्व मान्य केले, पण इतक्या विलंबानंतर पैसा मिळणार नाही असे म्हटले. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने तो निर्णय फिरविला आणि फिशर यांचा हिस्सा परत दिला. अशा हक्काला कायद्याने मुदत घातलेली नाही, आणि विलंबामुळे प्रतिपक्षाचे नुकसान न होता उलट लाभच झाला होता, असे त्यांच्या विवेचनाचे सार. त्याच दिवशी हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायालय या नात्याने आपले अखेरचे निर्णय दिले; ऑक्टोबरपासून सुप्रीम कोर्ट सुरू झाले.

हा निर्णय आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा आमचे मन लंडनात राहत नाही. ते आपल्या देवळाच्या चौकात येते. सनई कोणी वाजविली, पखवाज कोणाचा होता, पालखीच्या वेळची ती विशिष्ट चाल प्रथम कोणी बसविली, याची नोंद कोठे आहे? दात्यांची नावे संगमरवरावर कोरलेली आहेत, ती असावीतच. परंतु ज्या कलावंत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे गाऊन-वाजवून आपल्या संगीताला केसरबाई आणि मोगूबाई दिल्या, त्या घराण्यांतील कितीतरी गुणी माणसांची नावेही आज कोणास सांगता येणार नाहीत. आणि हे केवळ देवळांपुरते नाही. चर्चला जोडलेल्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकून मुंबईस गेलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती बांधवांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभारले. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्यांनी ऐकीव चालींना कागदावर उतरविले, म्हणजे एडमंटनला जे काम झाले तेच त्यांनी नित्य केले. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस यांनी तर १९५८ साली रागांवर आधारलेल्या रचना घेऊन सिंफनी वाद्यवृंद उभा केला. तरी चित्रपटांच्या नामावळीत अशा मांडणीकारांची नावे बहुधा येत नसत.

कोणी म्हणेल, आमच्या परंपरेला असल्या फेरबदलांची गरजच काय? त्यांना आम्ही पेटीची आठवण देऊ. परदेशातून आलेली ही पेटी आपल्या संगीतास अनुरूप नाही म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला बंदी केली. ती बंदी १९७१ साली शिथिल होऊ लागली. त्या तीस वर्षांत देवळांतील भजन पेटीवाचून अडले नाही, कारण देवळांनी ती बंदी मानलीच नाही. घुमटाचे उदाहरण आणखी जवळचे आहे. घोरपडीच्या कातड्याने मढविलेले घुमट वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यामुळे गेले आणि बकरीच्या कातड्याचे आले. नाद थोडा पालटला, आरती पालटली नाही. बदल हा शत्रू नव्हे. बदल कोण करतो, कोणास विचारून करतो आणि मागे काय ठेवतो, हे प्रश्न खरे आहेत.

अलीकडे आपल्याकडेही जुनी पदे, आरत्या आणि भजने नव्या वाद्यमेळात ध्वनिमुद्रित करण्याचा उत्साह तरुणांत दिसतो. त्यांना धिक्कारून काही साधणार नाही. मात्र वरील इतिहासातून देवस्थानांच्या समित्यांनी तीन गोष्टी उचलाव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, जे आज मुखोद्गत आहे ते जाणत्याकडून लिहवून घ्यावे, कारण कर्ता हयात असतानाही रचना मुकी होऊ शकते, हे जॉन लॉर्ड यांच्या अनुभवाने दाखविले. दुसरी, ज्याने जे वाजविले, बसविले, त्याचे नाव त्याच वेळी नोंदवावे. अडतीस वर्षांनी न्यायालयाने ते शोधून काढण्याची पाळी येऊ नये. तिसरी, नवे ध्वनिमुद्रण झाले म्हणून जुने पुसून टाकू नये. १९६७ चे 'कॉन्किस्टाडोर' होते म्हणूनच १९७१ च्या रूपाची थोरवी आपल्याला मोजता येते.

गॅरी ब्रूकर २०२२ साली गेले, कीथ रीड २०२३ साली. गाणे राहिले आहे, आणि ते दोन्ही रूपांत राहिले आहे. प्रिव्ही कौन्सिलने देवतेची इच्छा सांगण्यासाठी निःस्वार्थ माणूस शोधावयास सांगितले होते. गाण्यालाही इच्छा असते काय, हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु तिच्या वतीने बोलावयास कोणी उभे राहिलेच, तर त्याने प्रथम हातात वही घ्यावी आणि म्हाताऱ्या वादकाच्या ओसरीवर जाऊन बसावे, एवढे मात्र आम्ही खात्रीने सांगतो.